उतारावरचं तेल

धुळ्याला लग्नाला निघायच्या सकाळी जीवरामच्या फियाटमध्ये मागच्या सीटवर दोन बहिणी बसल्या आणि मधे केळीची टोपली ठेवली गेली. टोपली ठेवायला डिकीत भरपूर जागा होती, पण ती मधे नसती तर दोघींपैकी एकही गाडीत बसली नसती.

उजवीकडे जीवरामची सासू नर्मदाबाई, डावीकडे तिची थोरली बहीण द्रौपदाबाई. द्रौपदाबाईंच्या मुलाच्या लग्नात मानाचं लुगडं नर्मदाबाईंच्या आधी कुणा नणंदेला दिलं गेलं, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. लुगडं फाटलं असेल, नणंद विसरली असेल, पण या बहिणी बोलत नव्हत्या. आता त्यांच्या भावाच्या, भाईदासमामांच्या मुलीचं लग्न होतं. मामांनी निरोप धाडला होता, 'याल तर दोघी एका गाडीतून या, नाहीतर येऊच नका.' ती गाडी जावयाची निघाली.

"जावईबापू, तिले सांगा, खिडकी लाई ले. माले वारा लागस," नर्मदाबाई म्हणाल्या.

"जावईबापू, तिले सांगा, मना जीव घुसमटस," द्रौपदाबाई म्हणाल्या.

जीवरामने दोन्ही निरोप पोचवले. शेजारी बसलेली त्याची बायको लिलाबाई खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती.

खरं तर जीवरामचं लक्ष निरोपांपेक्षा इंजिनाकडे होतं. गाडी विकणाऱ्याने त्याला बजावलं होतं, "सर, सेल्फ-स्टार्टर जरा लहरी आहे, म्हणून गाडी कायम उतारावर लावा. आणि ऑइल कमी पडू देऊ नका. इंजिन जाम झालं, तर गाडीत कोंबड्या पाळायची वेळ येईल." जीवराम हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. सूचना पाळणं त्याच्या हाडामांसात होतं. त्याने ऑइलचे डबे जवळच ठेवले होते.

एरंडोलच्या पुढे चांगला उतार बघून त्याने गाडी उभी केली. बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. ऑइल खालच्या खुणेलाही शिवत नव्हतं.

"बापरे! निघताना तर ठीक होतं," तो पुटपुटला आणि डबा ओतला. पट्टी बघितली. जेमतेम टेकलं होतं. आणखी थोडं ओतून त्याने समाधानाने बॉनेट लावलं. गाडी उतारावरून घरंगळत सुरू झाली.

पारोळ्याच्या अलीकडे मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवत आला आणि शेजारून जाताना ओरडला, "ओ मास्तर, गाडी आहे का वीटभट्टी?"

जीवरामने आरशात बघितलं. मागे निळसर धुराचं शेपूट लांबच लांब पसरलं होतं.

"अहो, धूर येतोय," लिलाबाई म्हणाली.

"म्हणजे ऑइल जळतंय."

"मग?"

"जळतंय म्हणजे कमी होतंय. कमी होतंय म्हणजे घालायला हवं." या तर्कात त्याला कुठेच खोट दिसेना. त्याने पुढचा उतार शोधला, गाडी लावली, पट्टी बघितली. पट्टीने पुन्हा कमीच दाखवलं. दुसरा डबाही इंजिनात गेला.

मुकटीजवळ मात्र बॉनेटच्या फटींतून ढग निघाले. समोरचं दिसेना. जीवरामने एका चहाच्या टपरीसमोर ब्रेक लावला. लिलाबाई उडी मारून उतरली. मागचं दार नर्मदाबाईंना उघडेना.

"अक्का! उतर लवकर! गाडी पेटनी!" त्या किंचाळल्या.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या 'अक्का' म्हणाल्या होत्या. द्रौपदाबाईंनी मधली टोपली दाराबाहेर लोटली, बहिणीचा हात धरला आणि तिला आपल्या बाजूच्या दाराने ओढून बाहेर काढलं. केळी रस्त्यावर पसरली. त्याच क्षणी टपरीवाल्या भागाबाईंनी आग विझवायला पाण्याची बादली भिरकावली. इंजिनावर थोडं गेलं. बाकी सगळं, कपबशा धुतलेलं, चहापत्ती तरंगणारं पाणी नर्मदाबाईंच्या अंगावर गेलं.

धूर निवळला. आग कुठेच नव्हती.

"तुले लागनं नही ना?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"लागनं नही. पन मनं लुगडं दख ना, अक्का. आते लग्नमा कशी जाऊ?" नर्मदाबाई रडकुंडीला आल्या.

द्रौपदाबाईंनी आपली पिशवी उघडली. लग्नात नेसायला आणलेलं कोरं, मोठ्या काठाचं लुगडं काढून त्यांनी बहिणीच्या हातात ठेवलं.

"हाई नेस."

"नि तू?"

"माले कोन दखस?"

नर्मदाबाईंनी ते छातीशी धरलं. दोघी टपरीच्या आडोशाला गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे दोघींचेही लाल होते, आणि ते धुरामुळे आहेत असं त्या दोघीही सांगत होत्या.

मग त्यांचा मोर्चा जीवरामकडे वळला.

"तुन्हा जावई काय करी ऱ्हायना व?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"काय माहीत! जठे उतार दखस, तठे गाडी उभी करस नि तेल पाजस. म्हैसले बी कोनी इतलं पाजस नही!"

दोघी खदखदून हसल्या. जीवरामही हसला.

कशीबशी, बैलगाडीच्या चालीने फियाट धुळ्याला पोचली. दोघी बहिणी हातात हात घालून मांडवात शिरल्या, तेव्हा भाईदासमामा वरबापाला सोडून धावत आले. लोकांनी नवरीपेक्षा या दोघींकडेच जास्त बघितलं.

जीवरामने गाडी मांडवामागच्या सपाट मैदानात लावली होती. जेवणं झाल्यावर तो हळूच तिकडे गेला आणि पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बरंच वर पोचलं होतं. त्याने गाडीखालची सपाट जमीन बघितली. मग त्याला एरंडोल आठवलं, पारोळं आठवलं. उतारावर तिरप्या इंजिनात ऑइल एका अंगाला जाणार आणि पट्टी खोटंच कमी दाखवणार, हे कळायला विज्ञानाचा मास्तर कशाला हवा होता? द्रवाची पातळी नेहमी आडवी राहते, याची आकृती तो दरवर्षी आठवीच्या फळ्यावर काढत होता.

आता धूर करणारं हे जास्तीचं ऑइल काढायचं. तो पाना घेऊन गाडीखाली सरकणार, तेवढ्यात लिलाबाई लगबगीने आली.

"अहो, काय करताय?"

"काही नाही. जरा... ऑइल जास्त झालंय. थोडं काढतो."

"थांबा! मुळीच काढू नका." तिने पाना हिसकावून घेतला. "मामा हात जोडून विनवताहेत. सोनगीरचे त्यांचे दोन चुलतभाऊ शेताच्या बांधावरून एकमेकांशी बोलत नाहीयेत. उद्या त्या दोघांना तुमच्याच गाडीतून शिरपूरला पाठवायचंय."