आण्णांचा रिझर्व्ह

कसबा बावड्यातील तमाम स्त्री-पुरुष, म्हशी आणि उसाचे ट्रॅक्टर यांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, परदेशातील राखीव लढाऊ स्क्वाड्रनमध्ये पायलट कमी पडले आहेत!

ही घोषणा आमचे शेजारी दत्ताजीआण्णा रोज सकाळी दूधकट्ट्यावर करतात. म्हैसवाला मान डोलावतो आणि धार काढत राहतो.

आण्णांची सारी नोकरी हवाई दलात झाली. विमानात नव्हे, ऑफिसात. आज कोण उडणार आणि तो आजारी पडला तर कोण, हे फळ्यावर लिहायचं काम.

"तिकडं पूर्वी पायलट नोकरी सोडला तरी रिझर्व्हला नाव नोंदवून ठेवायचा, बोलावलं की हजर," ते समजावतात. "आता प्रवासी विमान उडवतोय आन् म्हणतोय, सवड न्हाय. राखीव विमानं झाकून उभी हैत. बसणार कोण, म्हैस?"

पेपरात ही बातमी वाचल्यापासून कुठंही गेले की पहिला प्रश्न, "रिझर्व्हला कोण?" एका लग्नात त्यांनी नवरदेवाबद्दलही हे विचारलं. मुलीच्या मामानं त्यांना मांडवाबाहेर पोचवलं. जोतिबाला जाताना जीपमध्ये दोन ड्रायव्हर घेतले. वाटेत चाक बसलं, तर स्टेपनीच नाही!

"चाकाचं काय घिऊन बसलाय बापू," मलाच दम. "माणूस पायजे, माणूस!"

काकू गेल्यापासून घरात माणूस असं ते एकटेच. एकुलता एक अजित आधी लढाऊ पायलट होता. तो दल सोडून दुबईला गेला, प्रवासी विमानं उडवायला. हे मात्र आण्णा कट्ट्यावर कधी बोलत नाहीत.

यंदा आण्णांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. अजित येणार होता. अख्ख्या बावड्याला ती बातमी कळली. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला, मी शेजारीच होतो.

"आण्णा, इकडं पायलट कमी आहेत. रजा रद्द झाली."

"बरोबर हाय की," आण्णा म्हणाले. "ड्यूटी सोडून यायचं न्हाय."

दुसऱ्या सकाळी कट्ट्यावर घोषणा झाली नाही. म्हैसवाल्यानंच न राहवून विचारलं, "आण्णा, आज पायलटांचं काय?" आण्णा दुधाची किटली उचलून घराकडं निघाले.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. सिस्टरनं विचारलं, "आजोबांसोबत कोण? मुलगा आलाय?"

आण्णांना हसवावं म्हणून मी छाती काढून, टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. "रिझर्व्ह हजर आहे, सिस्टर!"

शेजारच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा हसला. आण्णा हसले नाहीत. त्यांनी माझी बाही घट्ट धरली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलून गेले,

"ह्यो रिझर्व्हच हाय वो, बाई. ड्यूटीवर कोणच न्हाय."