साडेपाचला पळणारा सोमवार

'मी राहतो म्हणून रत्नागिरीत गुन्हे घडत नाहीत,' असं महिपत रेवाळे यांनी स्वतःच्या कार्डावर छापून घेतलं होतं. खाली हुद्दा: आंतरजिल्हा गुप्तहेर. एकदा ते हरवलेल्या छत्रीच्या मागावर कोल्हापूरपर्यंत गेले होते. छत्री घरीच सापडली, पण जिल्हा ओलांडला गेला होता. कार्डाचा मजकूर त्यांची सहायक तेजल हिनं टाइप केला होता, दात-ओठ खाऊन.

मंगळवारी पहाटे पावणेपाचला दोघं मिरकरवाड्यात दमयंतीकाकींच्या मासळीच्या गाळ्यावर हजर होते. गुडघे गेल्यापासून काकींचं पाटी घेऊन फिरणं थांबलं होतं. ऑर्डरी तेजलनंच पंधरा दिवसांपूर्वी बनवून दिलेल्या ॲपवर येत. सोमवारी गिऱ्हाईक मासे खात नाही, म्हणून सोमवारी ॲप आपोआप बंद. पण गेले दोन मंगळवार पहाटेसुद्धा 'आज सोमवार, मासे बंद' असंच दिसे आणि बरोब्बर साडेपाचला ते नाहीसं होई. तोवर खानावळवाले दुसरीकडून मासे उचलत.

"आजचा मंगळवार गेला, तर पुन्हा पाटी डोक्यावर घेणार," काकी म्हणाल्या.

महिपतांनी भिंग काढलं. "साडेपाचला पळतो. म्हणजे उजेडाला भितो. वटवाघूळ!"

"वटवाघूळ मराठी टाइप करतं?" तेजलनं विचारलं.

"मग पहिल्या एसटीचा कंडक्टर." तेवढ्यात त्यांची नजर बर्फ फोडणाऱ्या बाबल्यावर गेली. "काय रे, काल वार कोणता होता?"

"सोमवार."

"कबुली! तेजल, लिहून घे."

तेजल चौथ्यांदा ॲपच्या कोडमधली वारांची यादी तपासत होती. रविवार शून्य, सोमवार एक. सगळे वार जागच्या जागी.

काकींनी चहा ओतला. "आमच्या लेकाच्या, रितेशच्या, मालवाहू बोटीवर दोन घड्याळं आहेत गो. एक ग्रीनिचचं. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच होतात, तेव्हा त्यात रात्रीचे बारा. तोवर मेलं कालच्याच वारात!"

तेजलचा कप हातातच राहिला. सर्व्हरचं घड्याळही ग्रीनिचचंच होतं. वेळेवरून वार काढताना साडेपाच तास मिळवायचे तिच्याकडून राहिले होते. तिनं एक ओळ बदलली. 'आज मंगळवार, मासे ताजे.' काकींचा फोन टिणटिणायला लागला, तो थांबेचना.

"मी म्हणतच होतो," महिपत म्हणाले, "गुन्हेगार परदेशी आहे."

काकींनी हातभर सुरमई पुढे केली. "घ्या महिपतराव, तुमची फी."

महिपतांचा चेहरा पडला. सोमवारी त्यांना मासे चालायचे, मंगळवारी मात्र कडक उपास. त्यांनी घड्याळ पाहिलं. पाच वीस.

"तेजल," ते हळूच म्हणाले, "आणखी दहा मिनिटं सोमवार राहिला असता तर काय बिघडलं असतं?"