चांदभाई माईकवाले

आखाडा बाळापूरचे चांदभाई माईक भाड्याने द्यायचे. पण माईकबरोबर स्वतःही यायचे, आणि गाणारा उठेपर्यंत माईकची तार मनगटाला गुंडाळून बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "जमाना बराबर न्हाई."

जमाना निजामाचा. चार माणसं जमली की पोलीस चौकशीला यायचे. चांदभाईंना मात्र पोलिसांपेक्षा आम्हा भजनी मंडळींचा संशय जास्त.

माईक दिसायला गबाळाच. हिंगोलीच्या बाजारात एका मोडवाल्याकडून स्वस्तात घेतलेला, लोखंडी, रंग उडालेला. एकदा बैलगाडीतून पडला आणि ओढ्याच्या दगडांवरून गडगडत पाण्यापर्यंत गेला. चांदभाईंनी तो लुंगीने पुसला, बॅटरी जोडली, आणि कर्ण्यातून त्यांचं खाकरणं साऱ्या शिवाराला ऐकू गेलं.

पुढे दुसऱ्या एकाने नांदेडहून चकचकीत माईक आणला. त्याचं भाडं जास्त, आणि जरा धूळ गेली की तो मुका व्हायचा. आम्ही सगळे चांदभाईंकडेच जात राहिलो. त्यांना हे सरळ वाटेना.

"मास्तर, नवा सोडून या डबड्याच्या मागं काहून लागून राहिले तुमी?"

"स्वस्त आहे, टिकतो. आवाज आहे तसा जातो."

"ते झालं. आतली बात सांगा."

आतली बात नव्हतीच. मग त्यांनी आमच्या पखवाजवाल्याला बाजूला घेऊन तेच विचारलं. दोघांचं उत्तर एकच आलं, तेव्हा त्यांचा संशय आणखी वाढला.

एका बाजाराला चांदभाई दिसले नाहीत. ताप आलाय असं कळलं, म्हणून मी घरी गेलो. बायको वारल्यापासून ते एकटेच राहायचे. दार बोटभर उघडलं.

"भजन कुठंय?"

"कुठंच न्हाई."

"मग माईक कशाला पायजे?"

"माईक नको. तुमचा ताप कसा आहे, ते पाहायला आलो."

त्यांनी माझ्या मागे गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. मग बाजेवर मला जागा करून दिली. खाली पाहत म्हणाले, "आमच्या घरचा चहा चालंल?"

त्या दिवसांत हे विचारायलाही धीर लागायचा आणि हो म्हणायलाही.

"गोड असंल तर चालंल," मी म्हटलं.

घरात दूध नव्हतं. मी आणतो म्हटलं, तर ऐकेनात. अंगावर घोंगडी ओढून, तांब्या घेऊन स्वतःच निघाले. मी बसून राहिलो. थोड्या वेळाने दारात पावलं वाजली. तांब्या रिकामाच होता.

"दूध मिळालं न्हाई का?"

"अजून तिथवर गेलोच न्हाई," चांदभाई म्हणाले. "तुमी उठून गेले तर न्हाई ना, ते पाहायला आलो."