गणपतकाकांचं तोंडी जॅझ

कापूस निघाला की गणपतकाका तोंडानं ट्रम्पेट वाजवायला लागत. आदिलाबादजवळच्या बेला गावात आमच्या घराला लागून त्यांचं कापडाचं दुकान होतं. हंगामात गाड्यांवरून उडणारी रुई रेकॉर्डवर बसते आणि पिन घसरते, म्हणून होळीपर्यंत त्यांचा रेकॉर्डप्लेअर गोधडीत गुंडाळलेला असे. मग काका अख्खी रेकॉर्ड तोंडानं म्हणत. कापड मोजायच्या गजाचा टेबलावर ठेका, ओठांतून ट्रम्पेट आणि कापड टर्रकन फाडलं की ती झांज. ट्रम्पेट रंगात आलं असेल तर गिऱ्हाइकाला थांबावं लागे.

"काका, मांजरपाट द्या ना लवकर. बस जाते माही!"

"थांब ना बे. वाजवणारा आत्ताच तर रंगून राह्यला."

तरुणपणी ते सिकंदराबादला एका क्लबात कपबशा धूत. तिथला गोव्याचा बँडमास्तर नोकरी सोडताना जॅझच्या रेकॉर्डची पेटी त्यांना देऊन गेला. काकांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून रेकॉर्डना त्यांनी आपली नावं दिली होती. निळ्या कव्हराची ती 'बैल हरवला तवाची'. कव्हरावर बाई हसते ती 'भात करपल्याची'. ती ऐकता ऐकता काका स्वतःच चुलीवर ठेवलेला भात विसरले होते. ऐकायला येणाऱ्यानंही आपली एखादी आठवण सांगायची, असा त्या घरचा नियम.

मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकायची. सुट्टीत आले की त्यांच्याकडे कोपऱ्यात बसून ऐकायची. एकदा धीर करून निळ्या कव्हरावरचं नाव वाचायला लागले, तर काकांनी हातच जोडले.

"नाव नको वाचू व माय. वाचलं की ते बँडवाल्याचं होते. आत्ता माह्या बैलाचं हाय."

एका वर्षी ऐन हंगामात काकूंच्या पोटात गाठ निघाली. आदिलाबादला ऑपरेशन झालं, काकू तिथंच दवाखान्यात राहिल्या आणि गाठ तपासायला हैदराबादला गेली. रिपोर्ट यायचा त्या दिवशी मी सुट्टीत घरी होते, म्हणून काकांनी मला सोबत नेलं. डॉक्टर इंग्रजीत बोलतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. बसमध्ये काकांचा ना ठेका, ना ट्रम्पेट. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवत होते. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी आधी वाक्य पाठ करते.

कसंबसं ते वाक्य डॉक्टरांपुढे ठेवलं. डॉक्टर निघाले वांकिडीकडचे, आमचीच बोली बोलणारे.

"काऊन भिऊन राह्यली, बाई? गाठ साधी हाय. कॅन्सर-बिन्सर काही नाई."

काकांनी हात जोडले, पण जागचे हलले नाहीत. "साहेब, एकदा इंग्रजीत पन सांगा. पक्कं होते."

"नो कॅन्सर," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

तेव्हा कुठे काका मटकन बाकावर बसले. मग चहा आणतो म्हणून उठले. जिन्यातून ट्रम्पेट ऐकू आलं आणि त्यामागोमाग नर्सचं तेलुगूतलं रागावणं.

मी वॉर्डात जाऊन काकूंना बातमी दिली. त्यांनी डोळे मिटले, पदरानं पुसले आणि जिन्यातला तो आवाज ऐकून हसल्या.

"तुले एक सांगू का? मले हे गानं बिलकुल आवडत नाई व. लगन झालं तवा यायनं रेकॉर्ड लावली अन् तोंडाकडं पाहात बसले, कशी वाटली म्हने. मी म्हनलं, लई गोड. तवापासून मी हरेक रेकॉर्डीले तेच म्हनते. आता कसं सांगू?"

"मले ठाव हाय," दारातून आवाज आला. काका चहाचे ग्लास आणि एक बशी घेऊन उभे होते.

काकूंचं तोंड लाल झालं. "कवापासून?"

"पयल्या दिवसापासून."

"तं मंग काऊन लावत होते जी इतके वर्सं? माहं डोकं उठवाले?"

काकांनी ग्लासातला चहा बशीत ओतला, हलकेच फुंकर घातली.

"तू लई गोड म्हनते ना," ते म्हणाले, "ते आइकाले."

काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. टाके दुखत असावेत, तरी त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते. काका बशी हातात धरून, त्या वळतील म्हणून उभे राहिले.