गल्ल्यामागची भिंत

"तुमचा चेक वटला नाही, बाई," फोनवरचा वसुलीवाला म्हणाला. "चौदा डॉलर चेकचे आणि तीस डॉलर दंडाचे."

वेल्मा ह्रूबी मटकन स्टुलावर बसली. चेक होता लाइलच्या दुकानातल्या कोंबड्यांच्या दाण्याचा. भाचीच्या लग्नात वेल्माने शंभर डॉलरचा चेक आहेर केला होता. पोरीने तो शुभेच्छापत्रासकट खणात ठेवला आणि दहा महिन्यांनी, पाळणा घ्यायची वेळ आली तेव्हा, बँकेत भरला. वेल्माचं खातं डिसेंबरातल्या मक्याच्या शेतासारखं रिकामं झालं.

"चौदा देते हो. पण तीस कसले?"

"दुकानात पाटी आहे ना? गिऱ्हाइकाला समोर दिसेल अशी पाटी असली, की दंड लागतो. कायदाच आहे तसा."

तीस डॉलर जड होतेच. पण वेल्माला खरी धास्ती होती ती दुसरीच. परत आलेले चेक लाइल गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवायचा, नाव दिसेल असे. आज शनिवार. पाद्रीबाई आर्डिस मांजराचं खाणं घ्यायला तिथेच येणार. उद्या चर्चमध्ये वेल्माने वाजवायला ऑर्गनवर बोटं ठेवायची, आणि पाठीवर अख्ख्या गावाचे डोळे!

अंड्यांच्या पैशांचा डबा काखेत मारून ती दुकानात धावली. चेक लागलाच होता, डाव्या कडेला.

"काढ रे बाबा तो," तिने चौदा डॉलर गल्ल्यावर ठेवले. "रविवारच्या शाळेत शिकवलंय तुला मी."

"दंडही भरा, मग काढतो. नियम म्हणजे नियम, वेल्माबाई. सासऱ्याचासुद्धा लावलाय मी, दोन वर्षं झाली."

दारावरची घंटा किणकिणली. आर्डिस! वेल्माने टोपी भुवयांपर्यंत ओढली.

"दंडाची पाटी कुठाय?" ती पुटपुटली.

"ती काय, तिथे..." लाइलचं बोट हवेतच राहिलं. सासऱ्याच्या पिवळ्या पडलेल्या चेकखालून पाटीचा एक निळा कोपरा तेवढा बिचारा डोकावत होता.

लाइलने सासऱ्याचा चेक काढायला घाईघाईने नख लावलं.

"खबरदार हात लावशील तर!" वेल्माने टोपी मागे सारली. "आर्डिस, इकडे ये गं. ही भिंत आहे तश्शी नीट बघून घे, साक्ष द्यावी लागेल. आणि तो डावीकडचा आहे ना, तो माझा."