तात्यांची निळी रेघ

गणपततात्यांच्या घरी टीव्ही बघायचा म्हणजे जमिनीवर उताणं पडावं लागतं. टीव्ही पार छताला टेकलेला. फ्रीज सिमेंटच्या चौथऱ्यावर, इतका उंच की दूध काढायला तात्या स्टुलावर चढतात. आणि या सगळ्याच्या वर, तुळईला साखळीने टांगलेला तांब्याचा बंब. चिंचेने घासून लखलखीत केलेला, पण कधीच न पेटणारा. तात्या बारा महिने गार पाण्याने आंघोळ करायचे. थंडीत पहिला तांब्या अंगावर पडला की ते जी आरोळी ठोकायचे, तिने आमच्या गल्लीतली पोरं शाळेसाठी उठायची. विचारलं तर म्हणायचे, "गार पाण्यानं रक्त फिरतंय."

हे सगळं एका रेघेपायी. आमचं गाव कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठावर. मागच्या मोठ्या पुरात पाणी घरात जिथवर चढलं, तिथे तात्यांनी निळ्या ऑइलपेंटने रेघ मारली. आपल्याच भिंतीवर मारून थांबले असते तर शहाणे ठरले असते. पण ते डबा-ब्रश घेऊन गल्लीभर फिरले. आमच्या बैठकीच्या खोलीला दिवाळीचा नवा रंग दिला होता, त्यावर छातीएवढ्या उंचीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ. आईने ती झाकायला कॅलेंडर लावलं. रेघ लांब, कॅलेंडर एक. मग दूध संस्थेचं आणलं, पतसंस्थेचं आणलं, सराफाचं आणलं. आता आमच्याकडे तारीख कुठेही बघता येते.

तात्या एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीबरोबर तिकिटांची पेटी गेली, सवय गेली नाही. भेटेल त्याला पहिला प्रश्न, "तिकीट काढलंस का?" तिकीट म्हणजे घराचा विमा.

"पाणी दारात आल्यावर इमा काढणार व्हय? गाडी सुटल्यावर तिकीट मिळत न्हाय."

गावाचं यावर एकच उत्तर. पाणी पिंपळाच्या पाराच्या वर येत नाही, असं आजोबा-पणजोबा सांगून गेलेत. मागच्या पुरात पार अख्खा बुडाला, तरी गाव म्हणतं, तसला पूर जन्मात एकदाच.

"पाण्याला तुझा आज्जा ठावा हाय व्हय?" तात्या विचारतात.

माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हाही तात्या हजर. मुलाच्या वडिलांनी शेती सांगितली, नोकरी सांगितली. तात्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "ते समदं ऱ्हाऊ दे पावणं. घर रेघेच्या वर हाय का खाली?" घर पन्हाळ्याच्या पायथ्याला, चढावर आहे हे ऐकल्यावर तात्यांनीच लग्न ठरवून टाकलं.

मी आपला निर्धास्त होतो. घराचं कर्ज काढताना बँकेनेच विमा उतरवला होता.

"त्यो भिंतींचा," तात्या म्हणाले. "आतल्या सामानाचं काय? फ्रीज, कपाट, वैनींचं मशीन? पालिशी वाचलीस न्हवं?"

पॉलिसी वाचणारा माणूस मी तात्यांशिवाय अजून पाहिलेला नाही. पण त्यांनी सामानाचा वेगळा विमा काढायला लावलाच. वर मोबाईल घेऊन फोटो काढायला आले. उद्या नुकसान झालं तर वस्तू होती हे दिसायला नको? आईच्या शिलाई मशीनची पाळी आली तेव्हा त्यांनी तिला शेजारी उभं केलं. "मालकीण दिसाय पायजे, वैनी." आई आत जाऊन लग्नातलं पातळ नेसून आली. एरवी तात्यांच्या नावाने बोटं मोडणारी आई, पण तो फोटो तिने सगळ्या नातेवाइकांना दाखवला.

यंदा श्रावणात पाऊस हटेना. गावात जो तो फुटांत बोलायला लागला. सकाळी 'चहा झाला का'च्या आधी 'नदी किती फुटावर गेली?' एका दुपारी पाणी पाराला लागलं आणि माळावरच्या शाळेत न्यायला ट्रॅक्टर आला. गल्ली ट्रॉलीत चढली. आई चढेना. मशीन माझ्या वडिलांनी घेऊन दिलेलं, ते गेल्यावर त्यावर ब्लाउज शिवून तिने आम्हाला वाढवलं. ते लोखंडी धूड ट्रॉलीत घ्यायला जागा नव्हती.

"मशीन सोडून मी येत न्हाय," म्हणत ती मशीनसमोरच बसली. पाणी उंबऱ्याशी आलं होतं. मी ओरडलो, हात जोडले. ती ढिम्म.

तात्या भिजत आत आले. "वैनी, मशीनचा इमा हाय. उठा."

"कंपनी मला ह्यांच्या हातचं मशीन आणून देणार हाय व्हय?"

"न्हाय देणार," तात्या म्हणाले आणि तिच्यासमोर ओल्या फरशीवरच बसले.

तात्यांची बायको, आमच्या मालनकाकू, मागच्या पुरानंतर तापाने गेल्या, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"मालन बी असंच म्हणलीती. बंब आईनं दिलाय, त्यो घेतल्याबिगार येत न्हाय. मी म्हणलं, घे. माझ्याबी मनात आलं, एवढा तांब्याचा बंब परत कुठनं आणायचा? त्या गडबडीत बोट गेली. दुसरी येस्तवर पाण्यात हुबी होती ती." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "बंब आला, वैनी. बगितलाय की तुमी, कसा लखलखतोय. इम्यानं समदं परत येतंय म्हणून न्हाय सांगत मी. इमा असला की माणूस उठतंय, म्हणून सांगतोय."

आईने मशीनवर ताडपत्री टाकली, नमस्कार केला आणि तात्यांचा हात धरून ट्रॉलीत चढली. ट्रॅक्टर सुटल्यावर माझ्या लक्षात आलं, मी दार लावायचंच विसरलो होतो.

पाणी या खेपेला रेघेपर्यंत गेलं नाही, पण मशीन बुडालं. तात्यांनी फोटो निघेपर्यंत कुणाला गाळाला हात लावू दिला नाही, आणि आईला नवं मशीन मिळालं. ते नीट चालत नाही असं ती रोज म्हणते आणि रोज त्यावर शिवते. कॅलेंडरं तिने काढून टाकली.

दिवाळीत फराळाचं ताट घेऊन ती तात्यांकडे गेली. वर बघत म्हणाली, "भावजी, तुमच्या सांगण्यावरनं मी उठले. आता तुमी त्यो बंब उतरवा. आंघुळीला हाय त्यो."

तात्यांनी ताटातली एक चकली उचलली आणि मान वर करून बंबाकडे बघितलं.

पुढे थंडी पडली. एका सकाळी जाग आली तेव्हा चांगलंच उजाडलं होतं. खिडकीतून पाहिलं तर तात्यांच्या परसातून धूर निघत होता आणि आत कुणीतरी सावकाश, मोठ्या सुखाने अंगावर पाणी घेत होतं.

त्या दिवशी आमच्या गल्लीतली सगळी पोरं शाळेला उशिरा पोचली.