पायरी सोडलेले अक्षर

ज्या राज्यात प्रत्येकाला आपली पायरी ठाऊक असते, तिथे जिना कोणी चढत नाही. त्यामुळे कोणी पडतही नाही. आमचा जिल्हा याच तत्त्वावर सुखी होता. दाराला खिळे किती, छत्रीचा रंग कोणता, कोणापुढे किती वाकायचे, सारे ठरलेले. (शिंक तेवढी नियमांतून सुटली होती. सुधारणा विचाराधीन होती.)

नवे जिल्हाधिकारी तिंगसाहेब यांनी कचेरीच्या दारावर मनाईचा फलक लावायचे ठरवले. वर आमच्या चिनी लिपीतले एकच अक्षर, 'ज्येन', म्हणजे पायरी सोडून वागणे. खाली साहेबांचे आडनाव. काम रुआन आजोबांना मिळाले, कारण जिल्ह्यात त्यांच्याइतके सुबक कोणीच लिहीत नसे.

फलक लागला. कारकून खुआंग यांनी मान तिरकी करून तो पाहिला आणि ते गंभीर झाले. 'ज्येन' लिहायला कुंचल्याचे चौदा फटकारे लागतात. 'तिंग' दोनात संपतो. म्हणजे पायरी सोडू नका म्हणणारे अक्षरच साहेबांच्या डोक्यावर बसून बारा फटकाऱ्यांनी मिजास करत होते!

न्याय सरळ होता : जितके फटकारे जादा, तितके बांबूचे फटके. आजोबा सत्तरी उलटलेले. चौथा फटका मोजायला ते उरले नसते.

"म्हटलं नव्हतं, सोपं अक्षर घ्या म्हणून?" आजींनी हंबरडा फोडला.

"अगं, हुकूम काय मी काढला?"

साहेब मुळात दयाळू. म्हणाले, "म्हातारबा, अक्षरातले बारा फटकारे खोडून टाका. सोडतो तुम्हाला."

"थांबा, हुजूर!" खुआंग किंचाळले. "सम्राटांच्या कोशातलं अक्षर आहे! खोडायला सांगणाऱ्याचं मुंडकं उडतं!"

साहेब पांढरे पडले. मान वाचली होती. मग हळूहळू लाल झाले.

"मला 'थांबा' म्हणालास?"

पायरी सोडल्याचा इतका स्वच्छ पुरावा जिल्ह्यात पूर्वी मिळाला नव्हता. बाराही फटके खुआंग यांना पडले.

"चला घरी," आजी आजोबांना म्हणाल्या, "आणि वाटेत कोणाला शहाणपण शिकवू नका."

फलकावर कापड टाकले गेले. काय मना आहे ते दिसेनासे झाल्यापासून लोक सगळेच जपून करतात.

ही हकीकत मी शाळेतल्या पोरांना सांगतो. संपली की ती माझ्या तोंडाकडे पाहतात. मी हसलो, की मग हसतात. गुणी पोरं आहेत, पुढे मोठ्या हुद्द्यावर जातील.

आणि तुम्ही? मघाशी हसलात, तेव्हा आधी आपल्या साहेबांकडे पाहिलंत ना?